चूक कबूल करणारं सॉफ्टवेअर

वडशाला भाड्याची खोली शोधताना घरमालक काय काय विचारतात याची मला सवय होऊन गेली होती. जात विचारत, मांस-मच्छी खाता का विचारत, लग्न का नाही केलं ते विचारत, आणि कॉम्प्युटरचा क्लास काढायचाय म्हटलं की विजेच्या बिलावर येऊन थांबत. आमच्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते दुकानाच्या ओट्यावर मोठा कर्णा मांडीवर घेऊन त्याच्या आतली जाळी-जळमटं काढत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मॅडम, एकच गोष्ट सांगा. तुमच्या हातून घरातलं काही फुटलं तर मले येऊन सांगान का लपवान?"

मी म्हटलं, सांगेन.

"मंग खोली तुमची. सामान आना."

मला हा माणूस तिथेच आवडला. पुढे गावाने मला त्यांच्याबद्दल बरंच काही ऐकवलं. चक्रम आहे, धंदा कळत नाही, हातातलं गिऱ्हाईक घालवतो. मी ऐकून घेतलं आणि तिथेच राहिले. आजही कोणी तसं म्हटलं तर मी भांडायला उभी राहते.

सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही म्हणू लागले. घराण्याचा धंदा तांदळाचा. भाऊ अजून तोच करत होते. चाचांनी मात्र तरुणपणीच लाऊडस्पीकर भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि खाली कॅसेटचं दुकान टाकलं. आमच्या भागात हिवाळा लागला की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपटात बैल धावतात आणि त्याच्या जोडीला नाटक हवंच असतं. नाटक कंपन्यांची बुकिंगची ऑफिसं वडशात. कंपनीची गाडी निघाली की मागे चाचांचे कर्णे निघायचे. वर्षाची कमाई त्या हंगामातच व्हायची.

दुकानावर पाटी होती: 'येथे गाणी कापून मिळणार नाहीत. एमपीथ्री मागू नये.' तेव्हा एका सीडीत शे-दीडशे गाणी भरून देण्याची लाट आली होती आणि बसस्टँडपासून रेल्वे फाटकापर्यंत प्रत्येक दुकानदार त्याच धंद्यात उतरला होता. पाटी वाचूनही लोक मागायचे. एकदा राइस मिलवाल्याचा मुलगा आला आणि म्हणाला, "चाचा, आलाप-बिलाप काढून टाका ना, नुसतं गानं द्या."

"तुया लग्नात नवरी काढून टाकू का? नुसता मांडव ठेवू."

तो हसत हसत पुढच्या दुकानात गेला. चाचांनी सीडी परत फळीवर ठेवली आणि फडक्याने फळी पुसली.

गाणं लागलं की ते कर्ण्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि समोर बसलेल्यांची तोंडं बघायचे. "गानं कर्ण्यात कायले पाहाचं? मानसाच्या तोंडावर पाहाचं." गाणं संपेपर्यंत ते कोणाशी बोलत नसत. एकदा हवालदार परवानगीचा कागद मागायला आला, तर त्यालाही बोट दाखवून बसवून ठेवलं. अॅम्प्लिफायरवरचं बासचं बटण त्यांनी पकडीने उपटून टाकलं होतं, कारण ज्याच्या त्याच्या हाताला ते फिरवायची खाज सुटते.

म्हणून हा माणूस सर्वज्ञ होता असं कोणी समजू नये. वीज कडाडली की माझा मॉनिटर टॉवेलने झाकायला धावत वर यायचे. माउसला ते हात लावत नसत, दुरूनच मला हुकूम सोडायचे. नवी सीडी वाजवण्याआधी थोडं ऊन दाखवावं, असं त्यांचं पक्कं मत होतं आणि त्यावर आमची नेहमी जुंपायची. मी कितीही समजावलं तरी ते मान डोलावून सीडी उन्हात ठेवायचे.

चाचांच्या दुकानात एक कपाट कुलूपबंद होतं. त्यात विकायचं काही नव्हतं. त्यात एकाच बाईचं गाणं होतं.

ही बाई मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरातली, वैनगंगेकाठच्या एका गावची. तिला सगळे ताई म्हणायचे. कितीतरी हिवाळे तिने झाडीपट्टी गाजवली होती. माझ्या वेळेला ती वडशाच्या बाजारात मासे विकायची. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. राहिली ती नुसती कुजबुज. भाव करतानासुद्धा गिऱ्हाइकाला खाली वाकून ऐकावं लागायचं. ती गात होती त्या सगळ्या वर्षांत चाचांचेच कर्णे लागायचे आणि अॅम्प्लिफायरला टेपरेकॉर्डर जोडून चाचा तिची गाणी उतरवून घ्यायचे. ऑर्गनच्या भात्याचा आवाज, लोकांचे खोकले, 'वन्समोर'च्या आरोळ्या, सगळ्यांसकट. तिच्या आवाजाची याशिवाय दुसरी खूण जगात कुठेही नव्हती.

पुढे कपाटातल्या कॅसेटींना बुरशी लागायला लागली. चाचांनी नागपूरला जाऊन निवडक गाण्यांच्या सीड्या करून आणल्या आणि बुरशीच्या कॅसेटी फेकून दिल्या. सीड्यांनाही दमट हवा लागू नये म्हणून त्यांनी जे केलं ते तांदळाच्या घरातलाच माणूस करू जाणे. पाकिटं काढली आणि सगळ्या सीड्या उघड्याच तांदळाच्या कोठीत पुरल्या. तांदूळ ओल ओढून घेतो ना! कपाट येण्याआधी कॅसेटी ते तशाच ठेवायचे आणि तिथे होत्या तेवढे दिवस त्या चांगल्या राहिल्या होत्या. पण कोठीतल्या तांदळाला कीड लागू नये म्हणून बोरीक पावडर चोळलेली होती. कोठीत वर्षभर तांदूळ काढणं-घालणं चालू होतं. सीड्या बाहेर आल्या त्या भुरकट होऊन, बारीक ओरखड्यांनी भरलेल्या. दोन-तीनांच्या कडेची चंदेरी पापडीही सुटायला लागली होती.

मी एक सीडी उजेडात धरली तर पापडी सुटलेल्या ठिपक्यातून पलीकडचं कॅलेंडर दिसलं. चाचांनी ती माझ्या हातून घेऊन पाहिली. मग म्हणाले, "चूक माही आहे. मी ताईच्या गळ्यावर तांदूळ घासला." हे त्यांनी मला सांगितलं, भावांना सांगितलं, बाजारात जाऊन ताईलाही सांगितलं. सांगितल्याशिवाय त्यांना राहवलंच नाही.

ताई काय म्हणाली ते मी ऐकलं आहे, कारण मी सोबत होते. तिने वजनकाटा खाली ठेवला आणि कुजबुजली, "जेवढं उरलं तेवढं तरी काढा, भाऊ. माह्या नातीनं मले कधी ऐकलं नाई."

तर हे काम होतं. सीड्या मरायच्या आत त्यातलं गाणं काढून कॉम्प्युटरवर ठेवायचं. एकेक सीडी आणखी किती वेळा वाचता येईल याची खात्री नव्हती. चाचा घाईला आले होते. कॉम्प्युटरच्या मासिकासोबत फुकट सीड्या यायच्या, त्यात गाणी उतरवून घेणारी सॉफ्टवेअर असायची. वडशाच्या टेलिफोन लाइनवर इंटरनेटने एवढं काही उतरवायचं म्हणजे एक पिढी जावी लागली असती, म्हणून हीच आमची दुकानं. त्यातलं सगळ्यात झटपट चालणारं त्यांनी पसंत केलं. चहा होईपर्यंत पहिली सीडी उतरलीसुद्धा. सॉफ्टवेअरने 'काम पूर्ण झालं' असं सांगितलं. आम्ही ऐकलं. स्वच्छ होतं. चाचांचे डोळे भरून आले आणि मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाजार उरकून ताई आली. टोपलं खाली ठेवून स्टुलावर बसली. गाणं सुरू झालं, तिचं बोट मांडीवर ताल धरायला लागलं आणि एका ठिकाणी थबकलं.

"हे मी नाई."

"ताई, तूच आहेस," चाचा म्हणाले.

"इथी मी श्वास घेतला होता. उंच जायच्या आधी. इथी श्वासच नाई. हे कोनी भरलं?"

आम्ही ती जागा पुन्हा पुन्हा लावली. मला काही कळलं नाही आणि चाचांनाही नाही, ज्यांनी ते गाणं उभ्या जन्मात सगळ्यात जास्त ऐकलं होतं. पण जिने तो श्वास घेतला होता तिला कळलं. सॉफ्टवेअरला ती जागा वाचता आली नव्हती. त्याने मागचा-पुढचा सूर ओढून तिथे आपल्या मनाने काहीतरी लावलं होतं आणि वर 'काम पूर्ण' म्हणून मोकळं झालं होतं.

चाचांचा चेहरा असा झाला की मला वाटलं कॉम्प्युटर खिडकीतून जातोय. "बेइमान," ते म्हणाले. "फोडलं ते फोडलं, वरतून लपवलं."

मग त्यांनी सॉफ्टवेअर निवडायला घेतली, भाडेकरू निवडतात तशी. दुकानातली एक नवी कोरी सीडी घेतली आणि खिळ्याने तिच्यावर मुद्दाम ओरखडा काढला. "आता एकेकाले हे द्या. कोन खरं बोलते ते पाहू." आमची परीक्षा चालू झाली. मासिकांच्या सगळ्या सीड्या मी पालथ्या घातल्या. एकेक सॉफ्टवेअर बसवायचं, ओरखड्याची सीडी खायला घालायची आणि चाचांनी माझ्या खुर्चीमागे हात बांधून उभं राहायचं. एक बंद पडलं. एक फार छान दिसणारं होतं, रंगीत बटणं, नाचणाऱ्या रेषा. तेही 'काम पूर्ण' म्हणालं. "गोडबोल्या," चाचा म्हणाले, "काढा याले घरातून." आणखी एकाने तर गाणं मूळ सीडीपेक्षा खणखणीत करून दिलं. चाचा त्याच्यावर सगळ्यात जास्त चिडले.

शेवटी एक करड्या रंगाचं, रूक्ष तोंडाचं सॉफ्टवेअर निघालं. त्याच्या खिडकीत इतके पर्याय होते की ते समजून घेण्यात माझा आठवडा गेला. ते ओरखड्यापाशी आलं आणि अडलं. परत वाचलं. परत वाचलं. ड्राइव्ह कण्हायला लागला. खालून पोरं शिकायला आली, शिकून गेली, तरी ते तिथंच. मी कंटाळून म्हटलं, अडकलंय, बंद करते.

"हात लावू नका. ते पाहून राह्यलं."

संध्याकाळी त्याने सांगितलं: अमुक सेकंदापासून अमुक सेकंदापर्यंत वाचता आलेलं नाही. तिथे काही भरायचं नसेल तर जागा कोरी सोडायची सोयही त्यात होती. चाचांनी खुर्ची ओढली आणि माझ्या कॉम्प्युटरसमोर पहिल्यांदा बसले.

"हा ठेवा," ते म्हणाले. "फुटलं तर सांगते हा."

पुढचा तंटा फायलींचा. हार्ड डिस्क लहान, गाणी मोठी. एमपीथ्री केलं तर दहावा हिस्सा जागा लागेल, मी सांगून पाहिलं. त्यांनी मला दुकानाची पाटी वाचून दाखवली. मग मी म्हटलं, दुसरीही एक पद्धत आहे, लॉसलेस म्हणतात, फाइल लहान होते पण आतलं काही जात नाही. त्यांना पटेना. "पोतं दाबून शिवलं तर तांदूळ तुटत नाई, हे ठीक. पन मले उघडून दाखवा." मी एक गाणं बांधलं, परत उघडलं आणि पहिल्याशी जुळवून दाखवलं. जसंच्या तसं निघालं. त्यांनी आणखी एक करायला लावलं. तेही निघालं. तरी चार-सहा गाणी उघडून पाहिल्याशिवाय त्यांनी मान डोलावली नाही. डिस्क भरली तेव्हा स्वतःची मोपेड विकून दुसरी डिस्क आणली. भावाने कपाळाला हात लावला.

याच दिवसांत एक कंपनीवाले आले. मोठी नाटक कंपनी, हंगामात एक दिवस रिकामा नसायचा. ताईच्या जुन्या गाण्यांची एमपीथ्री सीडी काढायची, आलाप काढायचे, खोकले काढायचे, खाली नवा ठेका टाकायचा, जिथे खराब असेल तिथे दुसऱ्या मुलीचा आवाज जोडायचा, असा त्यांचा बेत होता.

"चाचा, जमाना बदलला. पब्लिकले एवढा टाइम नाई."

"पब्लिक माह्यासमोर बसते, तुमच्यासमोर नाई," चाचा म्हणाले. "गानं तिचं आहे. तिले विचारा."

ताई तिथेच टोपल्याशी बसली होती. तिने नकाराची मान हलवली, बोलायचे कष्टही घेतले नाहीत.

कंपनीवाले उठले. जाताना म्हणाले की यंदा कर्णे दुसऱ्याचे घेऊ, आणि आपल्या ओळखीच्या कंपन्याही तेच करतील. चाचांनी त्यांना चहाचा कप संपवून जायला सांगितलं. त्या हिवाळ्यात खरोखर एकाही कंपनीची गाडी आमच्या दाराशी थांबली नाही. कर्णे ओट्यावर उलटे पडून राहिले. घरात कुरबुर झाली, भाऊ येऊन बोलून गेले. चाचा रोज सकाळी वर यायचे आणि विचारायचे, "काय म्हन्ते आपला हट्टी?"

हट्टी, म्हणजे ते करडं सॉफ्टवेअर, सीड्या वाचत होता. जी गाणी निघाली ती अख्खी निघाली, ताईच्या श्वासांसकट. शेवटच्या सीडीचं शेवटचं गाणं राहिलं. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून शेवटचं गाणं कडेला येतं आणि पापडी तर कडेचीच सुटली होती. नेमकं तेच ताईचं सगळ्यात नावाजलेलं, नदीवरचं गाणं. ज्याशिवाय लोक तिला रंगमंचावरून हलू देत नसत. हट्टी दोन दिवस त्या जागेशी झुंजला. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं: इथलं वाचता आलं नाही. ओळीच्या ऐन मध्यावर, दोन श्वास घेता येतील एवढी जागा कोरी. आणि ती सीडी परत कधी वाचली गेली नाही.

मी म्हटलं, चाचा, ही ओळ गाण्यात दोनदा येते, पहिल्या वेळचा तुकडा इथे चिकटवता येईल, कोणाला कळणार नाही.

"नाई तिथी नाई म्हना," ते एवढंच म्हणाले.

हंगाम सरत आला तेव्हा ताईच्याच गावच्या मंडईवाल्यांनी चाचांना कर्णे घेऊन बोलावलं. नाटक त्याच कंपनीचं होतं, त्यांचे कर्णे वेगळे. पण दिवसाची मंडई गावची, तिथे गावाचं चालणार. चाचांनी माझ्याकडून त्या फायलींवरून एक नवी सीडी करून घेतली आणि मलाही बैलगाडीत बसवलं. दुपारी दुकानं भरली होती, दंडारीचा नाच नुकताच संपला होता, धूळ बसत होती. कंपनीवाले खुर्ची टाकून मंडपात बसले होते. ताई नातीला मांडीवर घेऊन बायकांत बसली होती. चाचांनी एकेक गाणं लावलं आणि सवयीप्रमाणे कर्ण्याकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून उभे राहिले. माणसं जिलेबीच्या दुकानावरून वळून यायला लागली.

शेवटी नदीवरचं गाणं लागलं. मला पुढचं माहीत होतं, मी हातातली पिशवी आवळून धरली. ओळ सुरू झाली आणि कर्णा गप्प झाला.

कंपनीवाले हसले. "अटकली ना चाचा?"

"अटकली नाई. ऐका."

कर्णा गप्प होता म्हणून ऐकू आलं. लोक गात होते. कधीपासून गात होते कोण जाणे. ओठांतल्या ओठांत, नाकातून, बायका तर मान खाली घालून. कर्ण्याच्या आवाजात ते आजवर कोणाला ऐकू आलं नव्हतं. त्या कोऱ्या जागेत ताईची ओळ गावाच्या तोंडून पुढे गेली आणि पलीकडून ताईच्या आवाजाने ती हातात घेतली. नातीने मान वर करून आजीच्या तोंडाकडे पाहिलं.

गाणं संपलं आणि मागून कोणीतरी ओरडलं, "वन्समोर!" मग सगळी मंडई ओरडायला लागली. झाडीपट्टीत वन्समोर आला की गाणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. चाचांनी ताईकडे पाहिलं. तिने डोळ्याला पदर लावला होता, तरी तिने हाताने खूण केली, लावा.

दुसऱ्यांदा ती जागा आली तेव्हा लोक तयार होते. कर्णा गप्प झाला आणि मंडप हादरला. म्हातारे, पोरं, जिलेबीवाला, सगळे. ताईचे ओठ हलत होते आणि तिचा आवाज नव्हता याचं कोणाला काही वाटत नव्हतं. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

चाचा तसेच उभे होते, कर्ण्याकडे पाठ, लोकांकडे तोंड. मग ते कंपनीवाल्यांकडे वळले.

"आता कापून दाखवा," ते म्हणाले.